वाड्यातल्या जुन्या टाइल्स आणि चिनी मातीच्या बरण्या: ब्रेकर लावण्याआधी काय ठरवायचं?

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. आजोळचा वाडा दिवाळीनंतर उतरवायचा आहे. सोप्याच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला मोर आणि फुलांच्या उठावदार नक्षीच्या टाइल्सचा पट्टा आहे, मोजून ४२. माळ्यावर चिनी मातीच्या ११ बरण्या, निळ्या नक्षीच्या सात बशा आणि काही वाडगे निघाले. टाइल्स नव्या फ्लॅटमध्ये ओट्यामागे लावायच्या आहेत. ज्या फुटतील त्यांचे आणि तडकलेल्या बशांचे तुकडे गच्चीवरच्या तुळशी वृंदावनाला जडवायचे आहेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ब्रेकरनं अर्ध्या दिवसात काढून देतो. त्यांना विचारायचंय की चिकटवायला कुठलं ॲडहेसिव्ह घ्यावं, ॲसिडनं धुतलं तर चालेल का, आणि या मालाला किंमत किती येईल.

ताई, तुम्ही ॲडहेसिव्हपासून सुरुवात केलीत, पण तो प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. या टाइल्स एकदा एका भिंतीवर बसल्या आणि आता निघतायत. उद्या फ्लॅट विकला, स्वयंपाकघर बदललं, तर त्या पुन्हा निघायला हव्यात. आजच्या टाइल ॲडहेसिव्हनं किंवा इपॉक्सीनं बसवलेली जुनी टाइल पुन्हा अखंड निघत नाही, कारण चिकटवणारा थर टाइलच्या मातीपेक्षा कडक असतो. ओढ बसली की आधी माती तुटते. म्हणून माझा पहिला नियम हाच की जुन्या मातीच्या वस्तूला असं काहीही करायचं नाही जे नंतर उलटवता येणार नाही. साफ करणं, जोडणं, लावणं, तिन्हीला हाच नियम.

आता काही गोष्टी तुमच्या भिंतीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हीच बघू शकता. टाइल्सच्या मागे चुना आहे की सिमेंट? पट्ट्याच्या कडेला, जिथे गिलावा सुटलाय तिथे, खिळ्यानं खरवडून बघा. पांढरट भुगा सहज पडला तर चुना. करड्या रंगाचं, खिळा घसरवणारं असेल तर सिमेंट. चुन्यातल्या टाइल्स बहुतेक अखंड निघतात. सिमेंटातल्या सगळ्या निघतील असं धरून पुढची मांडणी ठरवू नका. दुसरं म्हणजे पूर. शुक्रवार पेठ नदीच्या बाजूला आहे, म्हणून विचारतो: २००५, २०१९ किंवा २०२१ मध्ये सोप्यात पाणी आलं होतं का? आलं असेल तर पाण्याची रेघ भिंतीवर कुठंतरी दिसेल. त्या रेघेखालच्या टाइल्स वेगळ्या मोजा, वेगळ्या टबात ठेवा. त्यांच्या मातीत मीठ मुरलेलं असतं, आणि पुढं सांगतो ती सगळी कटकट मुख्यतः त्यांच्याच वाट्याला येते.

टाइल नेमकी कसली आहे, तेही बघून घ्या. सहा इंच चौरस, आठ-नऊ मिलिमीटर जाड, उठावाच्या रेषांच्या मधे काचेसारखे पारदर्शक रंग साचलेले, असं असेल तर ती मॅजोलिका प्रकारची. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अशा टाइल्स जपानमधून आपल्याकडे भरपूर आल्या. मोर आणि देवादिकांच्या नक्षी तर भारतीय गिऱ्हाइकासाठीच काढलेल्या. पाठीवर जाळीसारखा उठाव आणि ‘मेड इन जपान’ अशी रोमन अक्षरं बहुधा सापडतात, कधी अवाजी बेटावरच्या डान्टो कंपनीचं किंवा साजीचं चिन्ह. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटनच्याही मिळतात. सौराष्ट्रातल्या परशुराम पॉटरी वर्क्सचा शिक्का असलेला माल आपल्याकडे निघाला, तर तोही तितक्याच आदरानं सांभाळा. आणि टाइल आठ इंची, दोन सेंटिमीटर जाड, रंग चमक नसलेला असेल, तर ती भाजलेली टाइलच नव्हे, नक्षीची सिमेंट टाइल आहे. मुंबईच्या भारत टाइल्सनं १९२२ पासून असा माल केला. तिला पुढचं काहीही लागू नाही. ती पुन्हा जमिनीवरच बसवायची.

काढण्याबद्दल. ब्रेकर नको, हे कॉन्ट्रॅक्टरला लेखी द्या. टाइल्स निघाल्याशिवाय त्या भिंतीला हात लावायचा नाही, छपरावरची कौलं आणि वासेही तोवर उतरवायचे नाहीत, कारण वरून पडलेला एक वासा आठवड्याचं काम मातीत घालतो. एक जपून काम करणारा गवंडी आणि एक हाताखालचा माणूस अशा दोघांना ४२ टाइल्सना चुन्यात दोन दिवस, सिमेंटात चार-पाच दिवस लागतात असं धरा.

आधी पूर्ण पट्ट्याचे समोरून फोटो काढा. मग प्रत्येक टाइलवर कागदी टेप लावून आडवी ओळ आणि उभी रांग लिहा, शिवाय वरच्या दिशेचा बाण. मोराची मान डावीकडे की उजवीकडे हे आत्ता लक्षात आहे असं वाटतं, पण जमिनीवर ४२ टाइल्स पसरल्या की ते कुणालाच सांगता येत नाही. ज्या टाइलला आधीच तडा आहे तिच्यावर टेपच्या आडव्या-उभ्या चार पट्ट्या द्या, म्हणजे निघताना तुकडे हरवणार नाहीत. झिलईचे, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराचे, पापुद्रे सुटत असतील तिथे मात्र टेप लावू नका, टेप काढताना रंगही निघून येईल. तिथे पातळ टिश्यू कागद आणि मैद्याची पातळ खळ वापरा, नंतर ओल्या कापसानं सुटते.

मग बोटाच्या पेरानं प्रत्येक टाइल हलकी ठोका. जी पोकळ वाजते ती भिंतीपासून जवळजवळ सुटलेली असते. सुरुवात तिथून. सगळ्याच घट्ट असतील तर पट्ट्याच्या टोकाशी टाइललगतचा गिलावा विटेपर्यंत खोदून काढा, म्हणजे पाठीमागे शिरायला बाजूनं वाट मिळते. टाइलच्या समोरून, दोन टाइल्सच्या मधल्या दरजेत छिन्नी ठोकणं ही सगळ्यात मोठी चूक. छिन्नी पाचरीसारखी शिरते आणि दोन्ही टाइल्सच्या कडांच्या कपच्या उडवते. दरज आधी ऑसिलेटिंग मल्टीटूलला कार्बाइडचं पातं लावून मोकळी करा. ग्राइंडर नको, त्याचं पातं जरा घसरलं तरी झिलईवर कायमची रेघ. मग मागून, म्हणजे चुन्याच्या थरातून, हॅक्सॉचं सुटं पातं करवतीसारखं चालवा. जागा झाली की लाकडाच्या पातळ पाचरी दोन बाजूंनी थोड्या-थोड्या सरकवा. लोखंडी पहारीनं एकाच कोपऱ्यात जोर दिला की तो कोपरा तुटून हातात येतो. सिमेंट असेल तर टाइल भिंतीपासून सोडवायच्या फंदात न पडता मागची विटेची कपची टाइलसकट काढा. ती नंतर टेबलावर निवांत घासता येते.

या जुन्या रंगीत झिलईत शिसं असतं. कमी उष्णतेवर वितळावी म्हणून ते घालत. खरवडताना पाणी फवारत राहा, एन-९५ मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा, आणि पडलेला भुगा झाडूनं न उडवता ओल्या फडक्यानं उचला.

आता धुणं. ॲसिड नाही. बाथरूमच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते पाठीवरचा चुना खातं हे खरं, पण केसासारख्या भेगांमधून आत जाऊन टाइलच्या मातीतलाही चुना खातं, झिलईतलं शिसं मोकळं करून ती मंद करतं, आणि शेवटी विरघळणारे क्षार मातीत सोडून जातं. लगेच काही दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांत भेगांच्या कडेनं झिलईचे खवले उडू लागतात. व्हिनेगर आणि लिंबूही त्याच जातीचे, फक्त सौम्य. ब्लीचिंग पावडरचं पाणीही नको, क्षार तेही मागे ठेवतं.

पाठीवरचा चुना कोरडाच, हातानं काढायचा. टाइल जाड फोमवर पालथी ठेवा, पुट्टीची पट्टी आडवी धरून थर-थर खरवडा. एक-दोन मिलिमीटर राहिला तर राहू द्या, टाइलपेक्षा सपाट पाठ महत्त्वाची नाही. समोरच्या बाजूला मऊ ब्रश, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब पुरतात. झिलईत जाळी पडलेली असेल तर धुण्याआधी टाइल तासभर स्वच्छ पाण्यात बुडवा. मातीची तहान स्वच्छ पाण्यानं भागली की मळलेलं पाणी भेगांतून आत ओढलं जात नाही. हे न केल्यानं पांढऱ्या बशांवर कायमच्या तपकिरी जाळ्या उठतात.

मिठाचं तेवढं नीट समजून घ्या, कारण आपल्या भागात जुनी चिनी माती मरते ती यानंच. थंड देशांत भिजलेल्या टाइलमधलं पाणी गोठतं आणि ती फुटते. कोल्हापुरात ती भीती नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंत आणि हवा दोन्ही ओली असतात, मीठ विरघळून मातीत फिरत राहतं. ऑक्टोबरात ऊन पडलं की पाणी उडतं आणि मीठ झिलईच्या मागे स्फटिक होऊन बसतं, फुगतं, झिलईला आतून ढकलतं. भिंतीला लोणा लागतो तोच प्रकार, फक्त इथं त्याच्या वाटेत काचेचा थर आडवा असतो. पुरात बुडालेल्या टाइल्स आणि लोणच्याच्या बरण्या या दोन्हींना हा आजार हमखास.

उपाय सोपा आहे, वेळ मात्र खातो. प्लॅस्टिकचा टब घ्या, आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी भरा, टाइल्स उभ्या ठेवा, एकमेकींना टेकू देऊ नका. आरओ फिल्टर बसवणाऱ्यांकडे असतो तो पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, काही शे रुपयांत मिळतो, तो आणा. पाणी भरताना आकडा लिहून ठेवा, २४ तासांनी पुन्हा मोजा, पाणी बदला. सुरुवातीला आकडा झपाट्यानं वाढतो. जेव्हा सलग तीन दिवस २४ तासांतली वाढ जवळजवळ सारखी आणि अगदी थोडी राहते, तेव्हा थांबा. साधारण आठ-दहा दिवस, पुराच्या टाइल्सना तीन आठवडेही लागतात. मग सावलीत, वाऱ्याला, उभ्या ठेवून दोन-तीन आठवडे वाळवा. उन्हात नाही. दिवाळीनंतर वाडा उतरवताय हे त्यामुळे चांगलंच आहे, डिसेंबर ते मार्च हवा कोरडी असते. जिच्या झिलईचे पापुद्रे सुटत आहेत किंवा जी कमी भाजलेली, चुरा होणारी आहे, ती पाण्यात घालू नका. ती पाण्यात विरघळायलाही कमी करत नाही.

तुळया, वासे, दरवाजे विकले जातात तसं टाइल्सचं होऊ नये, त्या घरातच राहाव्यात अशी तुमची इच्छा दिसते, आणि ती मला फार योग्य वाटते. फक्त ओट्यामागे नको. फोडणीची वाफ, तेलाचा थर, चिंच-टोमॅटोचे शिंतोडे आणि रोजचं घासणं, यांतलं काहीच ही मऊ झिलई सोसत नाही. शिवाय शिसं असलेली वस्तू शिजवायच्या जागेपासून दूर असावी. ओट्यामागे मोरबीच्या साध्या एकरंगी नव्या टाइल्स लावा. जुन्या टाइल्स हॉलमध्ये, देवघराच्या मागच्या भिंतीला, किंवा दाराशी चप्पल काढायच्या बाकाच्या पाठीला. जमिनीवर आणि बाथरूममध्ये अजिबात नकोत.

लावायच्या दोन पद्धती मी मानतो. फ्लॅटच्या भिंतीसाठी पहिली: भिंतीला न चिकटवता एका पाटीवर बसवून ती पाटी चित्रासारखी टांगायची. तुमच्या ४२ पैकी २४ उत्तम टाइल्स निवडल्या, आडव्या सहा आणि उभ्या चार, प्रत्येक दरज ३ मिलिमीटर धरली, तर पाटी होते सुमारे ९३ बाय ६२ सेंटिमीटरची. एक टाइल साडेतीनशे-चारशे ग्रॅमची, म्हणजे २४ टाइल्स जवळजवळ ९ किलो. ८ मिलिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड सुमारे ६ किलो, भोवतीची चौकट ३ किलो. एकूण १८ किलोच्या आसपास. हे वजन दोन खिळ्यांवर टांगायचं नाही. उद्यमनगरातल्या कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरला सांगा: स्टेनलेस स्टीलच्या अँगलची चौकट, खालची पट्टी टाइल्सच्या तळाला आधार देईल अशी आत वळलेली, आणि मागे एकमेकांत अडकणाऱ्या दोन झेड पट्ट्या, एक चौकटीला, एक भिंतीला. भिंतीची पट्टी चार अँकर फास्टनरवर, विटेत किंवा काँक्रीटमध्ये. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर त्यासाठीचे वेगळे फास्टनर येतात, ते घ्या. वजन खालच्या पट्टीवर बसलं की चिकटवणाऱ्या पदार्थाचं काम फक्त टाइल पुढं पडू न देण्याचं उरतं, आणि ते थोडक्यात भागतं.

तो पदार्थ म्हणजे न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. स्वस्तातल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, ते नको, वाळताना ते आम्ल सोडतं. सिलिकॉन थेट मातीला लागलं तर छिद्रांत शिरून बसतं, म्हणून मधे एक पडदा लागतो. पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक राळेचं दाणेदार औषध ऑनलाइन मिळतं. वस्तुसंग्रहालयांत जोडकामाला तेच वापरतात, कारण ते कितीही वर्षांनी ॲसिटोननं पुन्हा विरघळतं. २० ग्रॅम दाणे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ८० ग्रॅम ॲसिटोनच्या काचेच्या बाटलीत लोंबकळत ठेवा, झाकण घट्ट, रात्रभरात विरघळतात. दाणे नुसते टाकले तर तळाला चिक्कीसारखा गोळा होतो. टाइलच्या पूर्ण वाळलेल्या पाठीवर याचे दोन हात द्या, मधे काही तास जाऊ द्या. ॲसिटोन भडकतं, गॅसच्या आसपास हे काम नको. मग चार कोपऱ्यांत आणि मधे मिळून सिलिकॉनचे पाच ठिपके, प्रत्येक बोराएवढा. पूर्ण पाठ माखायची नाही. उद्या काढायची झाली तर मागून पातळ तार किंवा मासेमारीची दोरी करवतीसारखी ओढून ठिपके कापता येतात. दरजा मोकळ्याच ठेवल्या तरी छान दिसतात.

दुसरी पद्धत कुणाचं गावाकडं दगड-मातीचं घर असेल त्यांच्यासाठी. तिथे थेट भिंतीवर लावायला हरकत नाही, पण चुन्यातच. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली धुतलेली वाळू, ८ ते १० मिलिमीटरचा थर, भिंत आणि टाइल दोन्ही आधी ओल्या. तीन आठवडे रोज हलकं पाणी फवारायचं. पांढरं सिमेंट घालून ‘जरा मजबूत’ करायचा मोह गवंड्याला होतो, तिथे ठाम राहा. जमिनीपासून दोन फूट उंचीच्या खाली लावू नका, ओल वर चढते ती तिथवरच सगळ्यात जास्त.

मांडणीत जागा कमी पडली तर नकली मोर रंगवून आणू नका. मधे एकरंगी नवी टाइल द्या, ती लगेच ओळखू येते आणि जुनीचा मान राखते. नवी टाइल पातळ असते, तिच्या मागे दोन-तीन मिलिमीटरची पट्टी देऊन पातळी सारखी करा.

बरण्या आणि बशांकडे येऊ. आपण सगळ्यालाच चिनी माती म्हणतो, पण त्यात तीन जाती असतात आणि वागणूक जातीनुसार बदलते. वस्तू पालथी करा. तळाच्या बिनझिलईच्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. शोषला गेला तर कमी भाजलेली, पाणी पिणारी माती. थेंब तसाच उभा राहिला तर घट्ट भाजलेली. तीतही टॉर्चचा उजेड कडेतून आरपार दिसला तर पोर्सिलेन, नाही दिसला तर दगडी जात. वर तपकिरी आणि खाली पिवळसर पांढरी अशी जी लोणच्याची बरणी घरोघर असते ती या दगडी जातीची. पुढं नखानं टिचकी मारा. खणखणीत आवाज म्हणजे अखंड, बद्द आवाज म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तडा.

जुना जोड शोधायला यूव्ही टॉर्च वापरा. अंधारात मारला की बरेचसे गोंद आणि भरलेले भाग झिलईपेक्षा वेगळे, निळसर-पांढरे चमकतात. विकत घेणाऱ्यांसाठी हा खर्च पहिल्याच दिवशी वसूल होतो. तळाचे शिक्के बघताना एवढं लक्षात ठेवा: ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर वस्तू १९४५ ते १९५२ मधली. इंग्रजी बशीवर चौकटीचं, हिऱ्याच्या आकाराचं नोंदणीचिन्ह असेल तर तिची नक्षी १८४२ ते १८८३ मध्ये नोंदलेली, आणि नुसता नोंदणी क्रमांक असेल तर १८८४ नंतरची. हॉलंडच्या मास्ट्रिख्टमधल्या सोसिएते सेरामिकचे स्पंजानं ठसे मारलेले रंगीत वाडगे आपल्याकडच्या जुन्या घरांत निघतात. ती कंपनी १९५८ मध्ये दुसऱ्या कारखान्यात विलीन झाली, म्हणजे शिक्का असलेला वाडगा त्याआधीचा. तळाची झीज खरी असेल तर ती वाकडीतिकडी आणि फक्त टेकणाऱ्या कडेवर असते. सगळीकडे सारखी घासलेली झीज कुणीतरी पॉलिश पेपरनं आणलेली असते.

लोणच्याच्या बरण्यांना टाइल्ससारखंच टीडीएस मोजत पाण्यात ठेवा, विशेषतः तळाला पावसाळ्यात पांढरी बुरशीसारखी लव दिसत असेल तर. ती बुरशी नसून बहुधा मीठच असतं. त्यात पुन्हा लोणचं घालावं का? आतली झिलई अखंड, तळ पाणी न पिणारा आणि बरणी तपकिरी दगडी जातीची असेल तर घालू शकता, कारण एवढ्या उष्णतेच्या झिलईला शिशाची गरज नसते. आत जाळी पडलेली, रंगीत चित्रांची किंवा पाणी पिणारी असेल तर लोणचं, दही, चिंच काहीही नको. त्यात पळ्या, झारे, वाळलेलं गवत ठेवा.

फुटक्या बशा जोडायला झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. तो ओलाव्यानं सुटतो आणि कडेला पांढरा थर धरतो. तेच बी-७२ घट्ट करून वापरा. पण एक अडचण इथं सांगायलाच हवी: हे औषध ४० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये तेवढं तापमान सहज होतं. जोडलेली बशी उन्हाच्या वाटेत ठेवली तर जोड हळूहळू घसरतो. आधी सगळे तुकडे कोरडेच टेप लावून जुळवा आणि क्रम लिहा. दोन शेजारचे तुकडे आधी पक्के केले तर मधला शेवटी आत शिरत नाही, ही नेहमीची चूक. जोडलेला भाग तांदळाच्या परातीत असा रोवा की वजन जोडावर सरळ खाली येईल. भिंतीवर टांगायला स्प्रिंगचे ताणणारे हुक घेऊ नका. तो ताण दिवसरात्र चालू असतो आणि जुना तडा त्यानंच पूर्ण होतो. लाकडी स्टँड बरा.

राहिलं वृंदावन. कल्पना चांगली आहे, फक्त माल बदला. मॅजोलिकाचे तुकडे रोजच्या पाण्यात आणि उन्हात टिकणार नाहीत, आणि शिशाची झिलई तुळशीच्या मातीजवळ नको. पानं आपण तीर्थात घालतो, खातो. जुन्या फुटक्या टाइल्स जोडून ठेवा. वृंदावनासाठी नवे कपबशांचे टवके आणि गच्चीच्या चायना मोझॅकला लागतात ते तुकडे घ्या, घट्ट भाजलेले. सपाट बाजूला २५ ते ४० मिलिमीटरचे, गोलाईवर त्याच्या निम्मे, नाहीतर कडा वर राहतात आणि हात कापतो. निपरनं कापताना चष्मा लावाच. जडवण्याआधी कुंडाच्या आतल्या बाजूला वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि तळाला २० मिलिमीटरचं भोक. हे केलं नाही तर आतलं पाणी भिंतीतून बाहेर येतं आणि वर्षभरात सगळ्या दरजा क्षारांनी पांढऱ्या होतात. मग एक भाग सिमेंट, चार भाग वाळू, तुकड्यांत ३-४ मिलिमीटर अंतर, सात दिवस पाणी. दरजा नंतर भरायच्या.

किमतीबद्दल थोडंच. सुटी टाइल आणि एकाच भिंतीची पूर्ण जुळणारी मालिका यांत फार फरक पडतो, म्हणून ४२ टाइल्स भावंडांत वाटून टाकू नका. उंबऱ्यावर येऊन ‘भंगाराच्या भावात नेतो’ म्हणणाऱ्याला फोटो काढल्याशिवाय, मोजल्याशिवाय काही देऊ नका. कायद्यानं १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. १९७२च्या कायद्याप्रमाणे ती परदेशात पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. वस्तू घरात ठेवायला अडचण नाही. पण पाया खोदताना जमिनीतून मडकी, नाणी किंवा मूर्ती निघाली तर तो वेगळा विषय. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं असं जे काही जमिनीत दडलेलं सापडेल ते १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तुमची पेठ ब्रह्मपुरीच्या टेकडीच्या इतकी जवळ आहे की हे कामगारांना आधीच सांगून ठेवा. त्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, सातवाहनकाळाचे थर निघाले. तिथल्या वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळतात. साधं खापर कुठल्या थरातून आलं यावरूनच त्याचं वय कळतं. थरातून उचलून खिशात घातलं की ते नुसतं खापर उरतं.

कॉन्ट्रॅक्टरशी बोलण्याआधी या आठवड्यात दोनच कामं करा. खिळ्यानं चुना की सिमेंट ते बघा, आणि पट्ट्याच्या टोकाची, पोकळ वाजणारी एक टाइल गवंड्याकडून काढून तिच्या पाठीचा सरळ उजेडात फोटो घ्या. ती एक टाइल कशी निघते, किती वेळ लागतो, पाठीवर काय लिहिलंय, यावरून उरलेल्या ४१ साठी किती दिवस आणि किती माणसं मागायची ते कळवता येईल.